इलेक्ट्रिक पिकअप गावात चालवायची तर: शोरूमच्या आधी करायची कामं

मुरबाड, शहापूर, बदलापूर पट्ट्यात भाजी, दूध, खत-खाद्य नाहीतर किराणा वाहणारे छोट्या गाड्यांचे मालक हल्ली इलेक्ट्रिकची चौकशी करतात, पण सुरुवात नेमकी उलट्या टोकाने होते. आधी शोरूम, मग बुकिंग, मग कर्ज. गाडी दारात उभी राहिली की प्रश्न पडतो, प्लग लावायचा कुठे? मीटर आजोबांच्या नावावर, मंजूर भार एक किलोवॅट, अर्थिंगची तार कधीच तुटलेली. त्यात महिना जातो आणि बँकेचा हप्ता काही त्यासाठी थांबत नाही.

म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे की गाडी बघायला जाणं सातव्या टप्प्यावर येतं. मधला एखादा टप्पा अडला, तर तिथेच थांबायचं. बुकिंगची रक्कम देऊन मग थांबण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

इथे ‘पिकअप’ म्हणजे छोटा हत्ती गटातल्या चारचाकी मालवाहू गाड्या धरल्या आहेत. दीड-दोन टन माल घेऊन रोज घाटावर जाणाऱ्यांनी दुसरा टप्पा वाचून लेख बाजूला ठेवला तरी चालेल.

## टप्पा १ : पंधरा दिवसांची वही

आता जी गाडी चालवताय तिच्या डॅशबोर्डवर एक वही ठेवा. रोज सहा नोंदी करा: निघतानाचं किलोमीटर, परत आल्यावरचं किलोमीटर, जाताना अंदाजे वजन, येताना अंदाजे वजन, रस्ता कोणता धरला आणि गाडी एका जागी सलग किती तास उभी होती.

पहिल्या चार नोंदी सगळे करतात. शेवटची कोणी करत नाही, आणि इलेक्ट्रिकला तीच सगळ्यात महत्त्वाची. ‘रात्री झोपताना चार्जिंगला लावा’ असं सेल्समन सांगतो. भाजीची गाडी रात्री झोपत नाही. वाशीच्या बाजार समितीत भाजी पहाटे पोचवायची तर मुरबाडहून मध्यरात्रीच निघावं लागतं, आणि गाडी दारात परत येते सकाळी नऊ-दहाला. म्हणजे तिची चार्जिंगची वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. दूधवाल्याचं गणित वेगळं, शाळेच्या पोषण आहाराचा माल वाहणाऱ्याचं आणखी वेगळं.

सरासरी काढू नका. पंधरा दिवसांतला सर्वांत लांबचा दिवस आणि सर्वांत जड दिवस, हे दोन आकडे लाल पेनाने गोल करा. पुढचा हिशेब त्यांच्यावरच चालेल. लग्नसराईत मंडपाचं सामान, गणपतीत मूर्ती, कोणाचं तरी घर हलवायचं, अशी अवचित येणारी भाडी वर्षाला किती मिळतात तेही आठवून लिहा. ती सोडायची तयारी आहे का, हे घरात आधी बोलून घ्या.

तपासा : रोज सलग सहा ते सात तास गाडी एका जागी, तुमच्या ताब्यातल्या जागेत उभी राहते का? उत्तर ‘कधी कधी’ असेल, तर सहावा टप्पा आधी वाचा.

## टप्पा २ : वजन, आणि पासिंग किती

डिझेलच्या गाडीला पासिंगपेक्षा, म्हणजे कागदोपत्री मंजूर वजनापेक्षा, जास्त माल टाकायची सवय आपल्या हाडात आहे. पाटे दबतात, टायर फुगतो, पण गाडी पोचते. इलेक्ट्रिकमध्ये जादा वजन थेट रेंज (एका चार्जिंगमध्ये कापायचं अंतर) खातं, चढावर मोटर आणि तिची वीज सांभाळणारा कंट्रोलर तापतात आणि यंत्रणा स्वतःच ताकद कमी करते. ओव्हरलोडमुळे बिघाड झाल्याचं दिसलं तर वॉरंटीवरही वाद होतो.

बाजारातल्या गाड्यांचे आकडे डोळ्यांसमोर असू द्या. २०२२ साली आलेल्या टाटा एस ईव्हीचं पासिंग ६०० किलोचं. तिचंच नंतर आलेलं ‘एस ईव्ही १०००’ हे मॉडेल एक टनाचं. २०२५ची एस प्रो ईव्ही ७५० किलोची, महिंद्रा झिओ ७६५ किलोपर्यंतची. स्विच, युलर यांच्याकडे एक टनाच्या वरच्याही गाड्या आहेत.

आता हे क्रेटमध्ये मोजा. टोमॅटोचा भरलेला प्लॅस्टिक क्रेट धरा २५ किलोचा. ६०० किलोत बसतात २४ क्रेट. पिंजरा बांधून घेतला तर त्याच्या लोखंडाचं वजन यातूनच वजा होतं, म्हणजे हातात २० ते २२ राहतात. भेंडी, मिरची, मोगऱ्याची फुलं असा हलका पण जागा खाणारा माल असेल तर ही गाडी झकास. कांदा-बटाटा, खताच्या गोणी, सिमेंट असेल तर एक टनाच्या खालची बघूच नका.

इशारा : हौद्यावर पिंजरा बसवायला गाडी गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे परस्पर नेऊ नका. चॅसिसवर वेल्डिंगचा करंट फिरला तर कंट्रोलर आणि बॅटरीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जाऊ शकते. पिंजरा डीलरकडूनच, किंवा त्याच्या लेखी परवानगीने आणि वीजजोड सोडवून.

रोजचं वजन दीड टन आणि वाट माळशेज किंवा कसाऱ्याची असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: सध्या डिझेल विकू नका.

## टप्पा ३ : रेंजचा हिशेब कागदावर

जाहिरातीतला रेंजचा आकडा ठरावीक चाचणीतला असतो. एस ईव्हीची बॅटरी २१.३ युनिटची आणि दावा १५४ किलोमीटरचा, म्हणजे युनिटला सात किलोमीटरच्या वर. आपल्या रस्त्यांवर, माल भरून, हौद्यावर ताडपत्री फडफडत असताना युनिटला पाच-सव्वापाच धरा. रिकामी परत येताना साडेसहा. आणि बॅटरीचे शेवटचे २० टक्के हिशेबात धरूच नका, ते अडचणीसाठी.

दोन वाटा मांडून बघू.

मुरबाड ते कल्याण बाजार समिती. जाताना सुमारे ३२ किलोमीटर भरलेली, ६ युनिट. येताना रिकामी, ५ युनिट. एकूण ११. बॅटरी निम्मी शिल्लक. निवांत.

मुरबाड ते वाशी बाजार समिती, शिळफाट्यावरून. जाताना सुमारे ६५ किलोमीटर भरलेली, साडेबारा युनिट. येताना रिकामी, १० युनिट. एकूण साडेबावीस. बॅटरीच २१.३ची, वापरायला १७. म्हणजे मध्ये किमान साडेपाच-सहा युनिट भरल्याशिवाय ही फेरी होत नाही. टोकावड्याकडचे असाल तर दोन्ही वेळा वीसेक किलोमीटर आणखी मिळवा.

जाहिरातीतले १५४ बघून ‘येऊन-जाऊन १३० तर आहे’ म्हणत गाडी घेणारे इथेच फसतात.

घाटाचं गणित वेगळं मांडा. गाडी आणि माल मिळून दोन टन वजन ६०० मीटर उंच चढवायला, आडव्या अंतराला लागते त्याखेरीज सुमारे चार युनिट वीज लागते. माळशेज चढणं म्हणजे साधारण एवढंच. उतरताना ब्रेकमधून थोडी परत मिळते, सगळी नाही. आणि वरच्या गावात बॅटरी शंभर टक्के भरून लगेच घाट उतरायला लागलात, तर भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागाच नसते, आणि वीज परत घेताना मोटर गाडीला मागे ओढते ती ओढही कमी जाणवते. घाटावरून निघणाऱ्याने ९० टक्क्यांवर थांबावं.

शिळफाटा, माणकोली, माजिवडा-वडपेची कोंडी मात्र इलेक्ट्रिकला फारसा जाच देत नाही. उभ्या गाडीत इंजिन जळत नाही. ताशी ४५ ते ५० ने रेंज चांगली मिळते, समृद्धीसारख्या मोकळ्या रस्त्यावर दामटली की कोसळते.

तपासा : वहीतल्या लाल गोलातल्या सर्वांत लांबच्या दिवसाचे युनिट काढा. ते बॅटरीच्या ८० टक्क्यांत बसतात का?

## टप्पा ४ : मीटर

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

४.१ मीटर कोणाच्या नावावर. भार वाढवायचा अर्ज ग्राहकाच्या नावाने होतो. मीटर अजून आजोबांच्या, चुलत्यांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर असेल तर आधी नावबदल. मृत्यू दाखला, वारसांची संमती, घरपट्टीची पावती आणि थकबाकी असेल तर ती भरल्याची पावती गोळा करा. सामाईक घरात भावांची संमती मिळवायलाच सर्वांत जास्त दिवस लागतात, हे वेगळं सांगायला नको.

४.२ मंजूर भार. वीजबिलावर तो छापलेला असतो. गावातल्या बऱ्याच घरांचा अर्धा ते एक किलोवॅट निघतो. गाडीचा साधा चार्जर एकटाच ३.३ किलोवॅट ओढतो. त्यात फ्रीज, पंखे, पाण्याची मोटर. चार्जर आणि घर मिळून पाच किलोवॅटच्या आसपास भार मागा. अर्ज महावितरणच्या शाखा कार्यालयात किंवा ऑनलाइन. भिवंडी आणि कळवा-मुंब्रा-शीळ भागात बिल टोरंट पॉवरचं येतं, तिथे त्यांच्या कार्यालयात.

४.३ फीडर, म्हणजे तुमच्याकडे वीज आणणारी मुख्य लाइन, कोणता. गावठाणातलं घर आणि शेतातलं घर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गावठाण फीडरला दिवसभर वीज असते. शेतावरची वस्ती शेती फीडरवर असेल तर थ्री फेज ठरावीक तासच मिळते, बाकीच्या वेळी मिणमिणता दाब. लाइनमनला विचारा, तो एका वाक्यात सांगेल.

४.४ दाब मोजा. वायरमनकडून मल्टिमीटरने तीन वेळा व्होल्टेज मोजून घ्या: दुपारी दोनला, रात्री आठला, पहाटे चारला. मोजताना घरात इस्त्री किंवा गिझर चालू ठेवा, नुसत्या रिकाम्या लाइनवर आकडा चांगलाच येतो. १९०च्या खाली जात असेल तर चार्जिंग रेंगाळेल किंवा मध्येच तुटेल. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) आधीच ताण असेल तर भारवाढीच्या अर्जातच तसं लिहा.

इशारा : शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करू नका. वीज कायदा २००३च्या कलम १२६ प्रमाणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. ‘सगळेच करतात’ हे भरारी पथकापुढे चालत नाही.

४.५ घरचं मीटर की वेगळं? स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेचाच दर लागतो, असं वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशात आहे. त्यामुळे घरच्या मीटरवर चार्जिंग करता येतं. अडचण टप्प्यांची आहे. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटला पायरी चढतो. घराला १०० युनिट लागत असतील आणि गाडी रोज १३ युनिट घेत असेल, तर २५ दिवसांत गाडीचेच ३२५ होतात. ते सगळे वरच्या, महागड्या पायऱ्यांवर पडतात. दोन महिन्यांनी बिल बघून ‘मीटर पळतंय’ अशी तक्रार येते ती यामुळे. मीटर बिचारं बरोबर असतं.

दरपत्रकात ईव्ही चार्जिंगचा वेगळा वर्ग आहे. तुमच्या जागेत त्या वर्गाची स्वतंत्र जोडणी मिळेल का, तिचा स्थिर आकार किती, हे शाखा कार्यालयात विचारा. महिन्याला ३०० युनिटच्या वर गाडीलाच लागणार असतील तर हा हिशेब केलाच पाहिजे.

दिवसा चार्जिंग करणाऱ्यांसाठी आणखी एक. टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारं) बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर जुलै २०२५पासून युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर झाली आहे. भाजीच्या गाडीची उभी राहायची वेळ बरीचशी हीच. छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं तर पावसाळा सोडून दिवसाला १२ युनिटच्या आसपास मिळतात, आणि पीएम सूर्यघर योजनेत तेवढ्या क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान आहे. रोज कल्याणची एक फेरी करणाऱ्याची गाडी जवळपास त्यावरच निघते.

तपासा : भार वाढल्याचं नवीन बिल हातात आलं का? अर्जाची पावती पुरेशी नाही. बिल येईपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ५ : वायरिंग आणि अर्थिंग

मीटरपासून प्लगपर्यंत स्वतंत्र लाइन ओढा: ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा २० अँपियरचा एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच), ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा, शॉकपासून वाचवणारा स्विच), आणि १६ अँपियरचं दणकट औद्योगिक सॉकेट. ते पत्र्याच्या शेडखाली, पावसाची झड लागणार नाही अशा उंचीवर.

अर्थिंगला पर्याय नाही. अर्थिंग नीट नसेल तर बरेच चार्जर चालूच होत नाहीत आणि लोक गाडी खराब म्हणून डीलरकडे ओढत नेतात. नवीन खड्डा, तांब्याची पट्टी किंवा रॉड, आणि उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी. मुरबाड-शहापूरच्या मुरमाड जमिनीत एप्रिलनंतर खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच राहतं. काम झाल्यावर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्या, भार चालू असताना. दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर वायरमनला परत बोलवा.

पहिल्या दिवशी चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लग हाताने चाचपा. कोमट लागला तर ठीक. बोट ठेववत नसेल, किंवा सॉकेटच्या भोकांभोवती प्लॅस्टिक पिवळट-तपकिरी दिसायला लागलं असेल, तर जोड सैल आहे. लगेच बंद करा. मिक्सरला सॉकेट पाच मिनिटं राबवायचं असतं, इथे सात तास सलग १५ अँपियर वाहतात. जुन्या सॉकेटचा पितळी चिमटा तेवढ्यात मऊ पडतो.

इशारा : एक्स्टेन्शन बोर्ड, गुंडाळलेली वायर, मंडपवाल्याचा लांब केबल, तीन पिनचं दोन पिन करणारं अडॅप्टर, यांतलं काहीही नको. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून थेट जोडणारा वायरमन भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

## टप्पा ६ : वाटेतला चार्जर

ज्यांची फेरी ८० टक्क्यांत बसते त्यांनी हा टप्पा वरवर वाचावा. वाशीवाल्यांनी नीट.

आधी बघा, तुमच्या गाडीला कोणती गन (चार्जरच्या केबलचं टोक) लागते. चारचाकी मालवाहू गाड्यांत सीसीएस-टू प्रकारची गन रूढ आहे, पण काही स्टेशनांवर जुनी, वेगळी गन असते, आणि काही गाड्यांच्या स्वस्त मॉडेलला जलद चार्जिंगच नसतं. ‘फास्ट चार्जिंग आहे ना?’ हा प्रश्न कंपनीबद्दल नव्हे, तुम्ही घेत असलेल्या मॉडेलबद्दल विचारा.

मग ठाणे-बेलापूर पट्टा, महापे, शिळफाटा, कल्याण बायपास या तुमच्या वाटेवरचे तीन चार्जर निवडा आणि आताच्या डिझेल गाडीनेच तिथे जाऊन या. अ‍ॅपवर हिरवा ठिपका दिसतो म्हणून चार्जर चालू असतो असं नाही. बघायचं ते हे: पहाटे पाचला फाटक उघडं असतं का, वॉचमन मालाची गाडी आत घेतो का (मॉलच्या तळघरात हौदा अडतो), रांग किती, दर काय. सार्वजनिक चार्जिंगवर १८ टक्के जीएसटीही लागतो, त्यामुळे तिथला युनिट घरच्यापेक्षा चांगलाच महाग पडतो.

माल उतरल्यावर थांबा, आधी नको. भाव पहाटेचा असतो. चार्जरच्या रांगेत अर्धा तास गेला तर वाचवलेलं डिझेल भेंडीच्या दरात जातं. हमाली-तोलाई उरकून, विक्रीची पट्टी घेऊन, परतीच्या वाटेवर चहाच्या वेळेला सहा-आठ युनिट घ्या.

तपासा : तीनपैकी दोन चार्जर तुमच्या वेळेला खरोखर चालू सापडले का? नसतील तर वाशीची फेरी या गाडीने करायची नाही, एवढं पक्कं करा.

## टप्पा ७ : आता गाडी. पण भरून

शोरूमभोवती दोन चकरा म्हणजे चाचणी नव्हे. डीलरला सांगा, पासिंगइतकं वजन हौद्यात टाकून तुमच्या वाटेवर गाडी न्यायची आहे. वाळूच्या गोणी चालतात. नकार मिळाला तर दुसरा डीलर गाठा. माल वाहायची गाडी रिकामी विकणाऱ्याकडे जास्त वेळ घालवू नका.

निघताना टक्के आणि किलोमीटर लिहा. तुमच्या शेताच्या वाटेवरच्या सर्वांत खड्या चढावर गाडी मुद्दाम मध्येच थांबवा आणि परत उचला. मागे सरकते का, उचलताना किती वेळ घेते, बघा. पावसात चिखल होतो त्या जागी पोटाखाली किती जागा राहते ते वाकून बघा, बॅटरीचा डबा तिथेच असतो. परतल्यावर टक्के बघा आणि तिसऱ्या टप्प्यातल्या कागदाशी जुळवा. दर टक्क्याला किती किलोमीटर मिळाले, हा आकडा डीलरच्या सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा मोलाचा.

डीलरकडून लेखी घ्यायचं: बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून मिळेल, ती क्षमता कोण मोजणार, आणि इलेक्ट्रिकचं काम जाणणारा मेकॅनिक तुमच्या सर्वांत जवळ कुठे बसतो. कल्याणला की थेट तळोज्याला? गाडी बंद पडल्यावर या उत्तराची किंमत कळते.

## टप्पा ८ : पैसे

उदाहरण घेऊ. दर तुमच्याकडचे टाका, पद्धत हीच ठेवा. चार्जिंगमधली गळती धरून भिंतीतून घेतलेल्या एका युनिटला पाच किलोमीटर. युनिट १२ रुपये धरला तर किलोमीटरला २.४० रुपये. सीएनजीची छोटी गाडी साधारण ४ रुपये, डिझेलची साडेपाच. म्हणजे सीएनजीच्या तुलनेत किलोमीटरला १.६० रुपये सुटतात.

आता दुसरी बाजू. एस प्रो जून २०२५मध्ये आली तेव्हा पेट्रोल-सीएनजी दुहेरी मॉडेल ४.९९ लाखांचं होतं, इलेक्ट्रिक ६.५० लाखांचं. दीड लाखाच्या फरकाचा पाच वर्षांचा हप्ता ३,२०० रुपयांच्या आसपास. तो भरून काढायला महिन्याला २,००० किलोमीटर चालावं लागतं, म्हणजे २५ दिवस रोज ८०.

मेख इथेच आहे. रोज ४० किलोमीटर चालणाऱ्याला रेंजची चिंता नाही, पण गाडी परवडतही नाही. १३० चालणाऱ्याला कागदावर परवडते, पण पोचत नाही. मालवाहू इलेक्ट्रिकचा खरा गिऱ्हाईक रोज ८० ते १०० किलोमीटर, ठरलेल्या वाटेवर, ठरलेल्या वेळी चालणारा. मुरबाड-कल्याणच्या एका फेरीवर संध्याकाळी गावाजवळची किराण्याची एखादी लाइन मिळाली तर गणित बसतं. आधी ती लाइन पक्की करा.

जुनी कोटेशनं फेकून द्या. २२ सप्टेंबर २०२५पासून डिझेल-सीएनजी मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ टक्केच आहे, म्हणून तिची किंमत तशी उतरली नाही आणि दोघींतला फरक वाढला.

सवलतींबाबत तीन गोष्टी. राज्याच्या २०२५च्या ईव्ही धोरणात वाहनकर माफ आहे. खरेदीवरचं अनुदान डीलर बिलातून वजा करून देतो की नंतर मिळणार, हे कोटेशनवर लिहून घ्या. ‘मिळेल हो’ या शब्दावर कर्ज काढू नका. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्हमधलं ट्रकचं अनुदान साडेतीन टनांहून जास्त एकूण वजनाच्या गाड्यांना आहे, छोट्या हत्तीला नाही. आणि अटल सेतू, द्रुतगती मार्गावरची टोलमाफी प्रवासी चारचाकी आणि बससाठी आहे, मालाच्या गाडीने ती हिशेबात धरायची नाही.

## टप्पा ९ : कागदपत्रं

हे तुलनेने सोपं आहे. भाड्याच्या इलेक्ट्रिक गाडीला हिरवी पाटी, त्यावर पिवळी अक्षरं. पांढरी अक्षरं खासगी गाडीला. एजंटाने चुकून खासगीत नोंदवली तर भाडं मारता येणार नाही. बॅटरीवरच्या वाहनांना नोंदणी शुल्क माफ आहे आणि ऑक्टोबर २०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेने परमिटचीही गरज नाही. त्या अधिसूचनेची प्रत गाडीत ठेवा, नाक्यावर वाद लवकर मिटतो. फिटनेस मात्र लागतोच, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी.

हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला तो चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये स्पष्ट केलं आहे. विम्यात थर्ड पार्टी हप्त्यावर इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट असते, ती लावली का बघा. चार्जर, केबल आणि पुराचं पाणी हे तिन्ही पॉलिसीत आहेत का, ते वाचून सही करा. केबल चोरीला जाते. चार्जिंग झालं की घरात न्या.

## टप्पा १० : पहिला महिना आणि पहिला पावसाळा

पहिले आठ दिवस फक्त जवळच्या फेऱ्या. जुनी गाडी लगेच विकू नका, निदान महिनाभर दारात राहू द्या.

उन्हातून, माल वाहून आलेली गाडी अर्धा तास सावलीत उभी करा, मग प्लग लावा. बॅटरी लोहयुक्त, म्हणजे एलएफपी प्रकारची असेल तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून शंभर टक्के भरा. तसं केलं नाही तर टक्क्यांचा काटा चुकायला लागतो, २० टक्के दाखवता दाखवता गाडी एकदम बसते. टायरची हवा आठवड्याला बघा, कमी हवा पेट्रोलच्या गाडीपेक्षा इथे लवकर जाणवते. आणि पुढची छोटी १२ व्होल्टची बॅटरी विसरू नका. ती मेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

पावसाळ्यात कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायता पूल उल्हास नदीच्या पाण्याखाली जातो, हे या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. बॅटरीवर पाण्यापासून संरक्षणाचं आयपी-६७ मानांकन असतं, पण ती चाचणी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यातली असते. वाहत्या गढूळ पाण्यात ओंडके, दगड येतात. पाणी चाकाच्या मध्यावर असेल तर थांबा, डिझेलवाले जात असले तरी. गाडी पाण्यात उभी राहिलीच तर उतरल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, सर्व्हिसवाल्याने बघितल्याशिवाय तर अजिबात नाही. विजा कडाडत असताना प्लग काढून ठेवा, ग्रामीण लाइनवर त्या वेळी दाबाचे झटके येतात.

गाडी बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायची नाही. मागची चाकं फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार करते, त्यात कंट्रोलर जळतो. मागची चाकं उचलून, किंवा पूर्ण गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यायची. असा ट्रक तुमच्या भागात कोणाकडे आहे, रात्री तो फोन उचलतो का, एका फेरीचे किती घेतो, हे गाडी घेतल्याच्या दिवशीच विचारून त्याचा नंबर केबिनमध्ये काचेवर चिकटवून ठेवा.